वाशिम जिल्हा आणि विधानसभा निवडणूक २०२४ : महायुतीतील स्पर्धा, तीन मतदारसंघ आणि बौद्ध मतदार

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले आणि २३ नोव्हेंबरला निकाल लागला. महायुतीने २३० जागा जिंकल्या : भाजप १३२, एकनाथ शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवार यांची राष्ट्रवादी काँग्रेस ४१. राज्यभर हा निकाल एकतर्फी दिसत असला, तरी वाशिम जिल्ह्यातील तीन मतदारसंघांत चित्र वेगळे होते. येथे खरी चुरस अनेकदा विरोधकांशी नव्हती, ती युतीच्या घरातच होती. उमेदवारी कोणाला, जागा कोणत्या पक्षाला आणि डावललेला नेता काय करणार, या तीन प्रश्नांनीच निवडणुकीला आकार दिला.

जिल्ह्याची ओळख

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ९७ हजार. त्यात ढोबळमानाने दर सात माणसांमागे एक बौद्ध आहे. बंजारा, मराठा-कुणबी आणि मुस्लिम समाजही मोठ्या संख्येने आहेत. सोयाबीन हे मुख्य पीक. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांत वाशिम एक.

तीन मतदारसंघांपैकी वाशिम (अनुसूचित जातींसाठी राखीव) आणि कारंजा हे यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात येतात. रिसोड मात्र अकोला लोकसभेत मोडतो. एकच जिल्हा दोन लोकसभा मतदारसंघांत विभागला गेल्याने येथील राजकारणाची दोन केंद्रे तयार झाली आहेत.

पार्श्वभूमी : लोकसभेपासून सुरू झालेली नाराजी

भावना गवळी १९९९ पासून सलग पाच वेळा या भागाच्या खासदार होत्या. शिवसेना फुटल्यावर त्या शिंदे यांच्यासोबत गेल्या. पण २०२४ च्या लोकसभेला त्यांची उमेदवारी कापून राजश्री हेमंत पाटील यांना उभे करण्यात आले. ठाकरे गटाचे संजय देशमुख ९४ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये गवळी विधान परिषदेवर गेल्या. सभागृहाच्या सदस्य असतानाच चार महिन्यांनी त्या रिसोडमधून विधानसभेच्या रिंगणात उतरल्या.

रिसोड : युतीची मते दोन ठिकाणी

रिसोड ही झनक घराण्याची जागा. सुभाष झनक यांच्या निधनानंतर २०१३ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र अमित झनक काँग्रेसतर्फे निवडून आले आणि तेव्हापासून ते हरलेले नाहीत. माजी खासदार अनंतराव देशमुख हे त्यांचे जुने प्रतिस्पर्धी. २०१९ मध्ये देशमुख अपक्ष लढले आणि अवघ्या २,१४१ मतांनी हरले. पुढे ते भाजपमध्ये दाखल झाले. साहजिकच २०२४ ची जागा आपल्याला मिळेल, असे त्यांच्या समर्थकांना वाटत होते. जागावाटपात ती शिंदे यांच्या शिवसेनेकडे गेली आणि देशमुख पुन्हा अपक्ष उभे राहिले.

निकाल असा लागला :

- अमित झनक (काँग्रेस) : ७६,८०९
- अनंतराव देशमुख (अपक्ष) : ७०,६७३
- भावना गवळी (शिवसेना) : ६०,६९३

झनक ६,१३६ मतांनी जिंकले. दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवाराची बेरीज एक लाख ३१ हजारांवर जाते. ही सगळी मते युतीचीच होती असे म्हणता येणार नाही, कारण देशमुखांना मानणारा वर्ग पक्षाच्या पलीकडचा आहे. तरीही राज्यभर काँग्रेस १६ जागांवर आली असताना रिसोड टिकले, ते बऱ्याच अंशी या फुटीमुळे.

वाशिम : राखीव जागेवरील बदल

वाशिममध्ये भाजपचे लखन मलिक २००९, २०१४ आणि २०१९ असे सलग तीनदा निवडून आले. युतीतील ताण येथेही जुनाच. २०१४ मध्ये भाजप आणि शिवसेना स्वतंत्र लढले, तेव्हा मलिक यांनी सेनेच्या शशिकांत पेंढारकर यांना सुमारे साडेचार हजार मतांनीच हरवले. २०१९ मध्ये युती झाली, पण पेंढारकर बंडखोर म्हणून उभे राहिले आणि त्यांनी ४५ हजारांवर मते घेतली. त्या वेळी मलिक यांना ६६,१५९ मते पडली. दुसऱ्या क्रमांकावर वंचित बहुजन आघाडीचे सिद्धार्थ देवळे होते, त्यांना ५२,४६४ मते मिळाली. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी या जागेवर मागे पडली होती, हे विसरता येत नाही.

२०२४ मध्ये भाजपने मलिक यांना थांबवून श्याम खोडे यांना उमेदवारी दिली. चार वेळा आमदार राहिलेल्या मलिक यांना माध्यमांसमोर अश्रू आवरले नाहीत. देवळे या वेळी ठाकरे गटाच्या शिवसेनेकडून लढले. खोडे यांना १,२२,९१४, तर देवळे यांना १,०३,०४० मते मिळाली. फरक १९,८७४ मतांचा. भाजपला येथे रिसोडसारखा फटका बसला नाही, कारण या वेळी युतीतून दमदार अपक्ष उभा राहिला नाही.

कारंजा : घराणी तीच, पक्ष बदलले

कारंजाचे भाजप आमदार राजेंद्र पाटणी यांचे २३ फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले. २०१९ मध्ये त्यांनी राष्ट्रवादीचे प्रकाश डहाके यांना हरवले होते. डहाके हेही आता हयात नाहीत. भाजपने पाटणी यांचे पुत्र ज्ञायक यांना डावलले आणि डहाके यांच्या पत्नी सई डहाके यांना पक्षात घेऊन उमेदवारी दिली. ज्ञायक पाटणी शरद पवार यांच्या राष्ट्रवादीत गेले आणि तिचे उमेदवार झाले. म्हणजे पाच वर्षांत दोन्ही घराण्यांनी एकमेकांच्या जागा घेतल्या! सई डहाके यांना ८५,००५ आणि पाटणी यांना ४९,९३२ मते मिळाली. एमआयएमचे युसूफ पुंजानी सुमारे ३१ हजार मते घेऊन तिसरे राहिले. २०१४ मध्ये हेच पुंजानी भारिप बहुजन महासंघाकडून लढून दुसऱ्या क्रमांकावर होते.

निवडणुकीपूर्वी, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याच महिन्यात पोहरादेवीचे बाबूसिंग महाराज राठोड यांची राज्यपालनियुक्त आमदार म्हणून वर्णी लागली. बंजारा समाजाची दखल घेतल्याचा हा स्पष्ट संदेश होता.

निकालानंतर

जिल्ह्यात भाजपचे दोन आमदार निवडून आले, पण मंत्रिपद कोणालाच मिळाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्रिपद राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ यांच्याकडे गेले. मुश्रीफ कोल्हापूर जिल्ह्यातील कागलचे. नंतर ही जबाबदारी इंदापूरचे दत्तात्रय भरणे यांच्याकडे आली. ज्या पक्षाचा जिल्ह्यात एकही आमदार नाही, त्याच पक्षाकडे पालकमंत्रिपद गेले. जागावाटपाची स्पर्धा निकालानंतर खातेवाटपात आणि पालकमंत्री ठरवण्यात चालू राहते, याचे हे उदाहरण.

बौद्ध मतदारांच्या दृष्टीने

राखीव मतदारसंघाचा इतिहास समाजाने लक्षात ठेवावा असा आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना अनुसूचित जातीचा घटनात्मक दर्जा उरला नव्हता. त्यामुळे स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्याला राखीव जागेवर उभे राहता येत नव्हते. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने कायद्यात दुरुस्ती केली आणि ही अडचण दूर झाली. तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तरी राखीव जागेवर कोण उभे राहणार, हे आजही मतदारसंघापेक्षा पक्षाच्या वरिष्ठ वर्तुळात ठरते, कारण निवडून येण्यासाठी उमेदवाराला राखीव प्रवर्गाबाहेरच्या मतांचीच जास्त गरज असते. पुणे करारानंतर बाबासाहेबांनी वारंवार मांडलेली अडचण हीच होती.

दुसरा मुद्दा अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा. १ ऑगस्ट २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. निवडणुकीच्या तोंडावर घेतलेला हा निर्णय अनुसूचित जातींमधील समाजांना एकमेकांपासून दूर नेणारा ठरू शकतो. पण वाशिमच्या प्रचारात त्यावर मोकळी चर्चा झालीच नाही.

तिसरा मुद्दा मतांच्या ताकदीचा. वंचितची २०१९ ची दुसऱ्या क्रमांकाची मते २०२४ मध्ये पक्षाकडे टिकली नाहीत. उमेदवारच महाविकास आघाडीत गेला आणि लढत दुहेरी झाली. राज्यातही वंचितला एकही जागा मिळाली नाही. संविधानाच्या रक्षणासाठी मोठ्या आघाडीला मत द्यायचे की स्वतःचा पक्ष उभा ठेवायचा, हा आंबेडकरी मतदारापुढचा पेच वाशिममध्ये अगदी स्पष्ट दिसतो. त्याचे उत्तर प्रत्येक कार्यकर्ता वेगळे देईल. मात्र आकडे एवढे सांगतात की, सत्ताधारी युती फुटली की रिसोडसारखी संधी निर्माण होते आणि ती एकसंध राहिली की वाशिमसारखी लाखभर मतेही कमी पडतात. दुसऱ्यांच्या भांडणावर मिळणारा विजय आपल्या हातात नसतो.

राहिला प्रश्न रोजच्या जगण्याचा. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी भाव मिळत होता. महायुतीने प्रचारात ६,००० रुपयांचा शब्द दिला. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २,१०० करण्याचेही आश्वासन होते. थोडीशी कोरडवाहू शेती किंवा मजुरी यांवर जगणाऱ्या बौद्ध कुटुंबाला या दोन आकड्यांशी, मुलांच्या शिष्यवृत्तीशी आणि गायरान जमिनीच्या पट्ट्याशी थेट देणेघेणे आहे. कोणाचे तिकीट कापले आणि कोण रुसले, याच्या बातम्या आपण आवडीने वाचतो. पुढच्या वेळी उमेदवार वस्तीत आला की या चार गोष्टींचा हिशेब आधी मागावा.