पाचशे पौंड गवताची मजुरी

तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून 1739 साली मराठ्यांनी घेतला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. परंतु या किल्ल्याच्या पूर्वेस पसरलेल्या रानपट्टीत 1945 साली पाचशे पौंड गवत कापण्याची मजुरी किती असावी, या प्रश्नावरून माणसांनी गोळ्या झेलल्या, हे ठाऊक असणारे थोडेच. किल्ल्यांचा इतिहास लिहिला जातो. मजुरीचा इतिहास बहुधा मजुरांच्या आठवणींतच राहतो.

त्या काळी डहाणू, उंबरगाव व पालघर तालुक्यांतील बहुतेक वारली कुटुंबांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावावर गेल्या होत्या. जमिनीचा मूळ मालक त्याच जमिनीवर कूळ झाला होता. खंड तर द्यायचाच, शिवाय मालक बोलावील तेव्हा वेठीला जायचे. मुंबई सरकारचे अधिकारी सायमिंग्टन यांनी 1939 साली सादर केलेल्या अहवालात नोंदविले आहे की, या वेठीबद्दल मिळे तो फार तर दिवसाला एक आणा. पुष्कळदा एका माणसाच्या एका जेवणापुरता तांदूळच. लग्नासाठी कर्ज काढलेला तरुण ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराच्या दारी राबे आणि त्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही. कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत असे आणि ती वही वाचणे गड्याला येत नसे.

23 मे 1945 रोजी झरी गावी हजारो वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने ही परिषद भरविली होती. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही आणि रोख मजुरीशिवाय कामाला हात लावायचा नाही, असे तेथे ठरले. पावसाळा सरला आणि गवतकापणीचा हंगाम आला. हे गवत गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांसाठी रेल्वेने रवाना होई. त्यावर व्यापारी व जमीनदार चांगला पैसा मिळवीत. वारल्यांनी पाचशे पौंडांना अडीच रुपये मागितले आणि संप पुकारला. 10 ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. तरीही संप मोडला नाही आणि अखेरीस दर मान्य करावा लागला. पुढील वर्षी जंगलकामगारांनी दिवसाला सव्वा रुपयाची मागणी केली. जानेवारी 1947 मध्ये पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या.

अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहू. मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा कारभार ‘मॅनेजिंग एजंट’ पाहत. आरंभीच्या काळात अनेक एजंटांचे कमिशन सुताच्या प्रत्येक पौंडामागे पाव आणा असे. म्हणजे पाचशे पौंडांमागे एकशे पंचवीस आणे. गिरणीला नफा होवो अथवा तोटा, सूत निघाले की कमिशन पक्के. काळ वेगळा व धंदाही वेगळा, त्यामुळे दोन्ही आकड्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात येते. एकाचा मोबदला कराराने आधीच सुरक्षित झालेला होता. दुसऱ्याला आपला मोबदला ठरविण्याचा हक्कच रक्त सांडून मिळवावा लागला.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने दोन्ही टोकांना हात घातला. 1948 साली किमान वेतन कायदा झाला. 1956 च्या कंपनी कायद्याने व्यवस्थापनाच्या एकूण मोबदल्यावर निव्वळ नफ्याच्या अकरा टक्क्यांची मर्यादा घातली आणि 1970 साली मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच बंद झाली. 2013 च्या नव्या कायद्यात ही मर्यादा कायम राहिली. मात्र भागधारकांच्या ठरावाने ती ओलांडता येते. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीने प्रत्येक संचालकाचा पगार तिच्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, हे जाहीर करावे, असेही बंधन आले.

हा उपाय चांगला आहे. पण तो बोईसरला येऊन अडखळतो. 1969 साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, मागोमाग औद्योगिक वसाहत वाढली आणि औषधे, रसायने, कापड व पोलाद यांचे कारखाने आले. आज तेथे राबणाऱ्यांपैकी अनेकांचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसते. ते ठेकेदाराच्या वहीत असते. वहीत ज्याचे नाव नाही, तो त्या ‘किती पट’च्या हिशेबात येणार कसा? साहेबाचा पगार छापील अहवालात वाचता येतो. ठेक्यावरच्या मजुराचा वाचता येत नाही. वहीचा मालक बदलला, एवढेच. जव्हार-मोखाड्याची कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, तेव्हाही हिशेबाची वही दुसऱ्याच्याच हाती असते.

15 मे 1891 रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात एक मूलभूत विचार मांडला. मजुराने नाइलाजाने होकार दिला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही; काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याचा निर्वाह तिच्यातून झाला पाहिजे. झरीच्या परिषदेत जमलेल्या वारल्यांनी हे परिपत्रक वाचले नव्हते. त्यांच्या मागणीचा अर्थ मात्र वेगळा नव्हता.

मोठ्या साहेबांच्या पगारावर बोट ठेवणे सोपे आहे आणि ते ठेवलेच पाहिजे. पण आपल्या घरीही एक वही असते. आपल्या वाडीत, बांधकामावर, स्वयंपाकघरात राबणारी माणसे पुष्कळदा त्याच रानपट्टीतून येतात. त्यांचा दर आपण त्यांच्या गरजेवरून ठरवितो, की त्यांच्या नाइलाजावरून? पाचशे पौंड गवताचा हिशेब 1945 साली पुरा झाला. आपल्या वहीतला हिशेब अजून व्हायचा आहे.