‘कुंकू’ : आरशासमोरचे काकासाहेब

प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली पुण्यात निर्मिलेला आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘कुंकू’ हा चित्रपट जरठ-कुमारी विवाहावरील घणाघाती टीका म्हणून ओळखला जातो. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला असून ‘दुनिया न माने’ ही त्याची हिंदी आवृत्ती होय. चर्चा होते ती बहुधा नायिका नीरेच्या बंडाची, आणि ते योग्यच आहे. परंतु वार्धक्य, वासना आणि जगण्याचे प्रयोजन यांचे या चित्रपटातील चित्रण प्रामुख्याने काकासाहेबांच्या वाट्याला आले आहे.

पोरक्या नीरेला (शांता आपटे) तिचे पालनकर्ते पैशाच्या लोभाने वृद्ध विधुर वकील काकासाहेब (केशवराव दाते) यांच्या गळ्यात बांधतात. नीरा त्यांना पती मानण्यास ठाम नकार देते. घरातील वासना एकट्या म्हाताऱ्याची नाही. त्यांचा तरुण मुलगाही सावत्र आईकडे वाईट नजरेने पाहतो आणि तिच्या हातचा चोप खातो.

काकासाहेब खलनायक नाहीत. मिशा काळ्या करून आरशासमोर उभा राहणारा हा माणूस आधी हास्यास्पद वाटतो, मग केविलवाणा. दिवाणखान्यातील जुने घड्याळ तर जणू त्यांचेच दुसरे रूप आहे. त्यांना पत्नी हवी असते ती केवळ शरीरासाठी नव्हे. आपण अजून संपलो नाही, याची ग्वाही त्यांना तिच्याकडून हवी असते. ती ग्वाही देण्याचे ओझे एका मुलीवर का, हा नीरेचा प्रश्न त्यांना हळूहळू उमगतो. दाते यांनी हे परिवर्तन आक्रस्ताळेपणा न करता उभे केले आहे. चित्रपटाला पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. प्रसंगात प्रत्यक्ष असणारे आवाजच ऐकू येतात. त्यामुळे घरातील शांतता अधिक जाचते. नीरा मात्र लाँगफेलोची ‘साम ऑफ लाइफ’ ही इंग्रजी कविता गाते. जगण्याचे प्रयोजन तिला सापडलेले आहे, त्यांना नाही.

काकासाहेबांच्या सुधारक कन्येची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. पुढे संततिनियमनाच्या कार्यासाठी त्या ख्यातनाम झाल्या.

शेवटी काकासाहेब नीरेला मुलीसारखी मानतात, पुनर्विवाह करण्याविषयी पत्र लिहून ठेवतात आणि आत्मघात करतात. हा शेवट आज खटकतो. तो समजण्यासाठी तत्कालीन कायदा ध्यानात घ्यावा लागतो. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले, वराच्या वयाला मात्र वरची मर्यादा घातली नाही. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ मध्ये. म्हणजे १९३७ साली नीरेला कायद्याने मोकळे करणारा मार्ग एकच होता, वैधव्याचा.

गो. ब. देवल यांच्या १८९९ च्या ‘संगीत शारदा’ नाटकात म्हाताऱ्या भुजंगनाथाची फजिती होते आणि प्रेक्षक हसत घरी जातो. ‘कुंकू’ने ती सोय ठेवली नाही. तरीही एक शंका उरतेच : ज्याला अखेरीस बाप होता आले, त्याला बाप म्हणून जगता का येऊ नये? पटकथा इथे घाई करते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.