जे-१ व्हिसाची दोन वर्षांची अट : माफीला उशीर का होतो आणि घरच्यांनी काय करावे

आपल्या समाजातील अनेक घरांतली मुले-मुली संशोधनासाठी किंवा डॉक्टरीच्या पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत जे-१ व्हिसावर गेलेली आहेत. एमजीएम मेडिकल कॉलेज, एसजीएसआयटीएस, आयआयटी आणि आरआरकॅट ज्या गावात आहेत, तिथे हे होणारच. मुले जातात तेव्हा व्हिसावरच्या बारीक अक्षरांतल्या ओळीकडे कोणाचे लक्ष नसते. तीन-चार वर्षांनी चांगली नोकरी समोर येते, लग्न ठरते, आणि मग त्या ओळीचा अर्थ कळतो. त्यानंतर घरोघर एकच प्रश्न सुरू होतो : फाइल कुठे अडली?

अट काय आहे ते आधी पाहू. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम २१२ (ई) प्रमाणे काही जे-१ धारकांना कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. ही दोन वर्षे सलगच हवीत असे नाही, पण ती भारतातच भरायची. मध्ये दुबईला नोकरी केली तर ते दिवस धरले जात नाहीत. तोवर एच (म्हणजे एच-१बी आणि जोडीदाराचा एच-४ सुद्धा), एल किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. जे-२ वर गेलेल्या पत्नीला, पतीला व मुलांनाही तीच अट लागते. बाकीचे दरवाजे पूर्ण बंद नसतात. ओ-१ किंवा विद्यार्थी व्हिसा अमेरिकेबाहेरच्या वकिलातीतून घेता येतो, पण त्याने अट पुढे ढकलली जाते, सुटत नाही.

आधी हे तपासा : माफी लागते का?

ही अट तीन कारणांनी लागते. कार्यक्रमाला अमेरिकी किंवा भारत सरकारचा पैसा असणे, अमेरिकेच्या 'कौशल्य यादीत' आपला देश व विषय असणे, किंवा डॉक्टरांचे रेसिडेन्सी-फेलोशिप प्रशिक्षण. आपल्याकडच्या बहुतेक पोस्ट-डॉक मुलांना ती दुसऱ्या कारणाने लागत असे. ९ डिसेंबर २०२४ पासून नवी कौशल्य यादी लागू झाली आणि त्यातून भारताचे नाव निघाले. महत्त्वाचे म्हणजे हा बदल आधी गेलेल्यांनाही लागू आहे. ज्यांना केवळ जुन्या यादीमुळे अट होती, त्यांना आता माफी मागण्याची गरजच उरलेली नाही.

हे मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण व्हिसावर 'अट लागू' असा शिक्का दिसतो म्हणून लोक अजूनही भोपाळ-दिल्लीच्या फेऱ्या सुरू करतात. तो शिक्का म्हणजे अखेरचा निकाल नव्हे. शंका असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वेव्हर विभागाकडून लेखी मत मागवता येते. त्यासाठी सगळे डीएस-२०१९ फॉर्म लागतात, अगदी पहिल्या वर्षापासूनचे. एखाद्या वर्षी पगाराचा काही भाग सरकारी अनुदानातून विनिमय कार्यक्रमासाठीच आला असेल, तर ते त्या फॉर्मवर दिसते आणि अट कायम राहते. फुलब्राइटवाल्यांनी तर माफी मिळेल हे धरून चालूच नये.

नोरी : तीन ना हरकती, मग चौथे पत्र

अट लागूच असेल आणि डॉक्टरी प्रशिक्षणाचा प्रश्न नसेल, तर सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे भारत सरकारचे ना हरकत पत्र. आपल्याकडे याला 'नोरी' म्हणतात, म्हणजे या व्यक्तीवर भारतात परतण्याचे बंधन नाही असा दाखला. बँकेत कर्ज फिटल्यावर आपण 'नो ड्यूज' देतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की इथे एकाच शाखेची सही पुरत नाही. राज्य सरकारचा गृह विभाग, पासपोर्ट कार्यालय आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालय या तिघांची हरकत नाही असे आले, की मग भारतीय दूतावास आपले पत्र थेट अमेरिकी परराष्ट्र खात्याला पाठवतो. ते पत्र अर्जदाराने स्वतः नेऊन दिलेले चालत नाही.

अमेरिकेच्या बाजूला डीएस-३०३५ हा अर्ज ऑनलाइन भरून, १२० डॉलर फी जोडून पाठवायचा असतो. त्यात मिळणारा केस क्रमांक फार महत्त्वाचा आहे. दूतावासाच्या पत्रावर तो नसला तर पत्र एकीकडे आणि अर्ज दुसरीकडे असे होऊ शकते. म्हणून क्रमांक आधी घ्यावा आणि पुढच्या प्रत्येक कागदावर लिहावा.

इंदूरच्या घरांत नेमके कुठे अडते

पहिली अडचण राज्याची. आपली कित्येक मुले बारावीनंतर पुण्याला जातात, तिथेच पासपोर्ट काढतात, आणि आई-वडील मात्र सुदामा नगरात किंवा राजेंद्र नगरात असतात. पासपोर्टवर पुण्याचा पत्ता, आधारवर इंदूरचा, आणि अर्जात कायमचा पत्ता म्हणून तिसराच कुठला तरी. मग पुण्याचे कार्यालय म्हणते भोपाळला विचारा, भोपाळ म्हणते मुंबईच्या मंत्रालयाचा विषय आहे. अर्ज करण्याआधीच कायमचे वास्तव्य कोणत्या राज्यात दाखवायचे ते ठरवावे, त्याला आधार देणारे कागद जमवावेत आणि मग सर्व ठिकाणी तोच एक पत्ता लिहावा. मध्य प्रदेश ठरले तर अर्ज भोपाळच्या वल्लभ भवनातील गृह विभागाकडे जाईल. तिथे या कागदाला 'अनापत्ति प्रमाणपत्र' म्हणतात, त्यामुळे पत्रव्यवहार हिंदीत केलेला बरा.

दुसरी अडचण पोलीस चौकशीची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. फाइल भोपाळहून इंदूरला, पोलीस आयुक्तालयातून ठाण्यावर, आणि ठाण्यावरून बीटच्या जवानाकडे येते. तो दुपारी येतो. घराला कुलूप असते, कारण आई-वडील नातवाच्या बारशाला अमेरिकेला गेलेले असतात! किंवा रामबागेतला जुना वाडा विकून कुटुंब दुसरीकडे राहायला गेलेले असते आणि शेजारी नवे असतात. 'पत्त्यावर आढळले नाही' असा शेरा एकदा पडला, की फाइल गेली त्याच पायऱ्यांनी परत वर जाते आणि पुन्हा खाली यायला महिने लागतात. अर्ज केल्यानंतर निदान चौकशी होईपर्यंत घरात कोणी तरी असावे. ते शक्य नसेल तर शेजाऱ्यांना कल्पना द्यावी, आणि ठाण्यात एक साधा अर्ज देऊन भावाचा, काकांचा किंवा मामांचा फोन नंबर नोंदवावा.

तिसरी अडचण नावाची. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर पतीचे. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरे. देशपांडे, कुलकर्णी यांसारख्या आडनावांची इंग्रजीत दोन-तीन रूपे सहज सापडतात. मुलींच्या बाबतीत माहेरच्या नावाचे डीएस-२०१९ आणि सासरच्या नावाचा नवा पासपोर्ट ही जोडी हमखास असते. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र सुरुवातीलाच जोडावे. कोणी विचारण्याची वाट पाहू नये. विचारणा दोन महिन्यांनी येते.

याशिवाय सरकारी संस्थेतून रजा घेऊन किंवा सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेल्यांचा बाँड असतो. तो मोकळा झाल्याचे पत्र हाताशी नसेल तर बाकीचे कागद कितीही नीट असले तरी उपयोग नाही.

थांबलेली फाइल हलवणे

अधिकारपत्र हा पहिला कागद. मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांच्या नावे, शक्यतो भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकित करून, पत्र द्यावे. मुखत्यारपत्र केले असेल तर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. हे लोक विसरतात.

कागद कुठेही द्या, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पस्तीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसल्यावर खात्रीने सांगतो, ज्याच्याकडे आवक क्रमांक असतो त्याचा कागद शोधला जातो. 'साहेबांना सगळे माहीत आहे' म्हणणाऱ्याला उद्या या असे सांगितले जाते. एका वहीत तारीखवार नोंद ठेवावी : कोणाला भेटलो, काय सांगितले, पुढे कधी बोलावले.

वाजवी वेळ गेल्यावरही उत्तर नसेल तर वाद घालण्यापेक्षा लेखी मार्ग बरे. चौकशी ठाण्यात अडली असेल तर मध्य प्रदेशची सीएम हेल्पलाइन १८१ उपयोगी पडते. केंद्रीय मंत्रालय व पासपोर्ट कार्यालयाबाबत सीपीग्रॅम्सवर, आणि दूतावासाबाबत परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपयांत फाइलची स्थिती विचारता येते आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्ज मुलाच्या नावाने करावा, वडिलांच्या नव्हे, नाहीतर 'त्रयस्थाची माहिती' म्हणून नकार येऊ शकतो. प्रश्नही नेमका हवा. 'उशीर का होतो' असे विचारू नये. अमुक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर गेला, हे विचारावे.

पैसे घेऊन 'दिल्लीतून काम करून देतो' म्हणणारे भेटतील. या कामाला तातडीची फी अशी कुठेही नाही.

लवकर झाले तरी एक पेच आहे

परराष्ट्र खात्याने माफीची शिफारस केली, की त्यानंतर संस्था डीएस-२०१९ ची मुदत वाढवून देऊ शकत नाही. म्हणजे जे-१ आणखी दोन वर्षे वाढवायचा विचार असेल तर वाढ आधी घ्यावी आणि अर्ज नंतर पुढे न्यावा. शिवाय शिफारस म्हणजे माफी नव्हे. शेवटचा निर्णय अमेरिकेच्या इमिग्रेशन सेवेचा असतो आणि त्यांची नोटीस हाती येईपर्यंत एच-१बी च्या भरवशावर घर सोडणे, तिकिटे काढणे असे काही करू नये. तिकडचा व्हिसा संपत आला आणि इकडची ना हरकत यायची आहे, अशी गाठ पडली तर वकिलाचा सल्ला घ्यावा. तिथे खर्च वाचवण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांचे वेगळे

रेसिडेन्सीसाठी जे-१ वर गेलेल्या डॉक्टरांना ना हरकत पत्राच्या आधारे माफी मिळत नाही. हे अमेरिकी कायद्यातच आहे, त्यामुळे त्यांच्या पालकांनी नोरीसाठी भोपाळला चकरा मारू नयेत. त्यांचा मुख्य मार्ग 'कॉनरॅड ३०' हा. १९९४ पासूनच्या या योजनेत अमेरिकेतील प्रत्येक राज्याला वर्षाला ३० डॉक्टरांची शिफारस करता येते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे, आठवड्याला ४० तास काम करावे लागते आणि माफी मिळाल्यापासून ९० दिवसांत रुजू व्हावे लागते. काही राज्यांच्या जागा लवकर भरतात. त्यांचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, म्हणून नोकरीचा करार त्याआधी हातात हवा, आणि तो मिळवायला शेवटच्या वर्षाच्या आरंभापासून लागावे लागते. ही योजना कायमची नसून अमेरिकी संसद तिला वेळोवेळी मुदतवाढ देते, तेव्हा अर्जाच्या वेळी ती चालू आहे ना हे आपल्या मुलांना पाहायला सांगा.

कागदांच्या याद्या व फी बदलत असतात. अर्ज भरण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या आणि परराष्ट्र खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर जे असेल तेच धरावे, ओळखीच्या कुणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या फाइलची झेरॉक्स नव्हे.