मिठागरातला पहिला घास

अंड्यातून निघालेले माशाचे पिल्लू सुरुवातीचे दिवस पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर काढते. ती पिशवी संपून ते पोहू लागले की त्याच्या तोंडात मावेल असे खाद्य लगेच लागते, नाहीतर काही दिवसांतच पिल्ले मरू लागतात. शोभेच्या माशांच्या पैदाशीचा इतिहास म्हणजे बराचसा या पहिल्या घासाचाच शोध आहे.

डासांच्या बंदोबस्तासाठी 1908 मध्ये भारतात आणलेल्या गप्पीने हा प्रश्न कधी पडू दिला नाही. त्याची पिल्ले जिवंत जन्मतात आणि कोरडे खाद्यही बारीक चुरून दिले तर खातात. गुरामीसारख्या अंडी घालणाऱ्या माशांची पिल्ले मात्र फारच चिमुकली. त्यांच्यासाठी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून देत, पण उरलेला बलक पाणी नासवतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे वाळके गवत किंवा केळ्याची साल पाण्यात कुजवून वाढवलेले सूक्ष्मजीव, म्हणजेच इन्फ्युसोरिया.

मोठी कलाटणी दिली आर्टेमियाने. खाऱ्या पाण्यातल्या या कोळंबीसारख्या जिवाच्या नवजात डिंभांवर माशांची पिल्ले पोसता येतात, हे अमेरिकेत सील यांनी 1933 मध्ये आणि नॉर्वेत रोलेफसेन यांनी 1939 मध्ये दाखवले. आर्टेमियाची सुकी अंडी वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून ती डब्यात भरून विकता आली. सॅन फ्रान्सिस्कोची मिठागरे आणि युटाचे ग्रेट सॉल्ट लेक येथून ती जगभर गेली.

मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये उघडले. दोनच वर्षांनी, 1953 मध्ये, सी. व्ही. कुलकर्णी यांनी वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया असल्याची नोंद केली. परदेशी डब्यातला जीव शहराच्या अंगणातच नांदत होता. ही नोंद शौकिनांनीही ध्यानात ठेवावी इतक्या मोलाची आहे.

कल्याणजवळच्या शहाडवरून जाणारी उल्हास नदीही पुढे वसईच्या खाडीला, भाईंदरच्या मिठागरांच्या मुलखाला मिळते. शहाडचे पाणी मात्र गोडे. म्हणून तिथे आर्टेमियाची अंडी उबवायची तर लिटरला 25 ते 30 ग्रॅम मीठ घालून पंपाने हवा सोडावी लागते. साधारण 28 अंश तापमानाला 24 तासांत डिंभ बाहेर येतात. ते उजेडाकडे धावतात, त्यामुळे टरफलांपासून वेगळे काढता येतात. टरफले पिल्लांच्या आतड्यात अडकू शकतात. डिंभही स्वतःच्या बलकावरच जगतात, म्हणून जितके ताजे तितके पौष्टिक. त्यांची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. गुरामीच्या पिल्लांना तेवढाही घास मोठा पडतो, म्हणून त्यांना पहिले काही दिवस आजही इन्फ्युसोरियाच देतात.