प्रोसेसरचे सुरक्षित तापमान, गेमिंग संगणकातील
गेमिंग संगणकाचा प्रोसेसर वेग न गमावता आणि स्वतःला इजा न होऊ देता ज्या तापमानापर्यंत सलग काम करू शकतो, ती मर्यादा. सगळ्या प्रोसेसरना लागू पडेल असा एकच आकडा नाही. त्या मॉडेलसाठी उत्पादकाने ठरवलेली कमाल मर्यादा, चालू असलेले काम आणि खोलीतील हवा या तिन्ही गोष्टी लक्षात घेतल्या, तरच पडद्यावरच्या आकड्याचा अर्थ लागतो.

उष्णतेचा उगम व मार्ग : प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. २०२२ मध्ये आलेल्या इंटेल कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १२५ वॉट, तर टर्बो अवस्थेतील कमाल मर्यादा २५३ वॉट आहे. एवढी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढायची असते. ती आधी चिपवरील धातूच्या झाकणात येते, मग थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळाशी, उष्णतावाहक नळ्यांतून पातळ पत्र्यांकडे आणि शेवटी पंख्याच्या वाऱ्याबरोबर कॅबिनेटबाहेर जाते. या वाटेत कुठेही अडथळा आला की तापमान चढते.

चिपच्या रचनेचाही परिणाम होतो. गेमिंगसाठी नावाजलेल्या एएमडी रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये जादा कॅश गाभ्यांच्या वर बसवलेली आहे. त्यामुळे उष्णतेची वाट अडते, आणि त्याची कमाल मर्यादा ८९° से. ठेवली आहे. नोव्हेंबर २०२४ मधील ९८००एक्स३डी मध्ये ही कॅश गाभ्यांच्या खाली नेली आणि मर्यादा ९५° से. झाली.

कमाल मर्यादा : इंटेल कोअर आय९-१३९००के साठी ती १००° से., रायझन ९ ७९५०एक्स साठी ९५° से., तर त्याआधीच्या पिढीतील रायझन ७ ५८००एक्स साठी ९०° से. आहे. रायझन ७००० मालिकेतील वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाणे हे रचनेतच धरलेले आहे, असे एएमडीने स्पष्ट केले होते. वाव मिळेल तितका वेग वाढवत नेणे हे त्यांचे धोरण असते. म्हणून व्हिडिओ रेंडर करताना दिसणारे ९५ अंश हा बिघाड नव्हे. मात्र तोच प्रोसेसर साध्या गेममध्ये सतत ९५ वर राहत असेल, तर कूलर तपासायला हवा.

स्वसंरक्षण : मर्यादा गाठताच आजचा प्रोसेसर आपला क्लॉक आणि व्होल्टेज उतरवतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. खेळणाऱ्याला ते फ्रेम अडखळण्याच्या रूपात जाणवते. तापमान त्याही पुढे गेले, तर संगणक आपोआप बंद होतो. ही सोय पूर्वी सर्वत्र नव्हती. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू संगणकांवरून कूलर उचलून पाहिले. पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला. पेंटियम ३ गोठला. एएमडीचे ॲथलॉन प्रोसेसर मात्र काही क्षणांत जळाले. आज अशी वेळ सहसा येत नाही. अति तापण्याची पहिली किंमत वेगाच्या रूपानेच मोजावी लागते.

मापन : चिपमधील संवेदकांचे आकडे एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेम्प यांसारख्या प्रोग्रॅममध्ये दिसतात. क्षणभर एखाद्या गाभ्यावर भार आला तरी आकडा दहा अंशांनी उसळून खाली येतो. अशा उसळीवरून निष्कर्ष काढू नये. अर्धा तास गेम खेळून सरासरी आणि कमाल असे दोन्ही आकडे पाहावेत. कधीकधी आकड्याचीच शहानिशा करावी लागते : रायझन ७ १८००एक्स कळवत असलेले तापमान प्रत्यक्षापेक्षा २० अंशांनी जास्त असे, कारण पंख्यांच्या नियंत्रणासाठी ती भर मुद्दाम घातलेली होती.

गेममधील सर्वसाधारण पट्टे : डेस्कटॉपवर गेम चालू असताना ६० ते ८०° से. हा नेहमीचा पट्टा आहे. ८० ते ९० मध्ये धोका नसतो, पण हाताशी सवड कमी उरते. कमाल मर्यादेवर सतत टेकून राहणे म्हणजे कूलर अपुरा आहे किंवा नीट बसलेला नाही. लॅपटॉपमध्ये जागा कमी असल्याने ८५ ते ९५ अंश हे सामान्यच समजावे.

खोलीचे तापमान : हवेवर किंवा पाण्यावर चालणारा साधा कूलर प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. भार तोच असेल, तर हवेच्या वरची वाढही साधारण तेवढीच राहते. २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ६९° से. दाखवणारा संगणक नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात ३८ अंशांच्या खोलीत सुमारे ८३° से. दाखवेल. दोन संगणकांची तुलना करताना त्यामुळे खोलीचे तापमानही सांगावे.

कारणे व उपाय : जाळ्यांवर आणि कूलरच्या पत्र्यांत साचलेली धूळ, वाळलेली पेस्ट, उलट बसवलेला पंखा, बंद पडलेला पंप ही नेहमीची कारणे. नव्या जोडणीत कूलरच्या तळावरची प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी काढायची राहून जाते, आणि संगणक सुरू होताच आकडा मर्यादेकडे धावतो. पट्टी सोलून, जुनी पेस्ट पुसून, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावावी आणि चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, म्हणजे दाब सारखा पडतो. एवढ्यानेही भागले नाही, तर बायॉसमधून वीजमर्यादा कमी करता येते. एएमडीच्या इको मोडने १७० वॉटचा प्रोसेसर १०५ वॉटवर चालवता येतो, आणि गेममधील वेग फारसा कमी होत नाही.

आयुर्मान : तापमान आणि विद्युतप्रवाह जास्त असले, की तारांमधील धातूचे अणू हळूहळू सरकतात. व्होल्टेज जादा असेल, तर चिपची झीज आणखी वाढते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीने वाढीव व्होल्टेज आणि तापमानाखाली एका मंडलाची झीज होत असल्याचे सांगितले, मायक्रोकोड सुधारला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज सुधारित मायक्रोकोडनेही भरून येत नाही. म्हणून तापमान मर्यादेत असले तरी व्होल्टेजवर लक्ष ठेवणे आणि बायॉस वेळच्या वेळी अद्ययावत करणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.