हत्याराच्या टोकाचा हिशेब

यंत्र आकड्यांवर चालते, असे आपण आज सहज म्हणून जातो. परंतु ज्या टोकाने धातू कापावयाचा ते टोक नेमके कोठे आहे, हे यंत्राला सांगतो कोण? या साध्या प्रश्नात दोन शतकांचा इतिहास सामावलेला आहे.

१८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले याने आपल्या लेथवर हत्यार सरकत्या बैठकीत पक्के बसविले. तोवर कातारी ते बहुधा हातीच धरीत. हत्यार हातातून सुटले. नजर मात्र कारागिराचीच राहिली. हत्यार आणि जॉब यांच्यामध्ये पातळ कागद सरकवावा, तो किंचित अडकला की टोक टेकले असे समजावे, ही रीत कारखान्यांतून पुढे कितीतरी काळ चालत आली.

अमेरिकेत मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती बनवीत. पात्याचा वक्र अचूक उतरावा म्हणून त्यांनी व फ्रँक स्टुलेन यांनी त्यावरील बिंदू गणकयंत्राने काढले. त्या आकड्यांबरहुकूम यंत्रच चालवावे, ही कल्पना त्यातून निघाली. १९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाने तीस पैसा पुरविला, आणि १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत छिद्रित फितीवर चालणारे मिलिंग यंत्र सर्वांना दाखविण्यात आले.

पण फितीवर असे तो कटरच्या केंद्राचा मार्ग! २० मिलिमीटर व्यासाचा कटर धार लावता लावता १९.५ चा झाला, की जॉबच्या कडेला पाव मिलिमीटर धातू तसाच राही. १९५८ मध्ये कर्नी अँड ट्रेकर कंपनीचे, स्वतःच हत्यारे बदलणारे यंत्र आले. तेव्हा प्रत्येक हत्याराच्या निराळ्या लांबीचा प्रश्नही तितकाच निकडीचा झाला. पुढे उपाय रूढ झाला तो असा, की हत्याराची लांबी व त्रिज्या आधी मोजून यंत्राच्या स्मरणात नोंदवावी. बेरीज-वजाबाकी यंत्र करील.

मात्र १२१ मिलिमीटरचे ड्रिल १२० असे नोंदले गेले, तर भोक एक मिलिमीटर अधिक खोल जाते. यंत्र शंका घेत नाही. दिलेला आकडा ते निष्ठेने पाळते. म्हणून कारागिराचे कौशल्य संपले, असे म्हणणे बरोबर नाही. ते बोटांतून निघून मोजमापात आणि नोंदीत आले. पूर्वी ते चारचौघांना दिसत असे, आज दिसत नाही, एवढेच. जे दिसत नाही त्याची कदर करावयास मात्र समाजाने शिकले पाहिजे.