रायगडावरचा इंग्रज, डब्लिनमधला रस्ता आणि आपली मुलं



जून आला की आपल्या ग्रुपांवर राज्याभिषेकाचे फॉरवर्ड सुरू होतात. इथे वाढलेली आपली मुलं ते वाचून विचारतात, "आई, हे कुठे लिहिलंय?" रागावू नका हं. आम्हा सीए लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो : व्हाउचर कुठे आहे?

आणि व्हाउचर आहे. जून १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. सिंहासनाजवळ भाल्याच्या टोकाला लावलेला सोन्याचा तराजू त्याने नोंदवला. दारातले दोन छोटे हत्ती पाहून, एवढा कडा चढवून यांना वर आणलं कसं, याचं त्याला नवल वाटलं. हा माणूस महाराजांचा भाट नव्हता. कंपनीचा तह आणि राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई ही त्याची कामं. ऑडिटमध्ये आम्ही अशा बाहेरच्या माणसाच्या कागदाला जास्त वजन देतो.

पण दुसरी बाजूही तपासायची. राजापूरला नुकसान का झालं? १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी तिथे जाऊन गडावर तोफा डागल्या. पुढच्या वर्षी महाराजांनी वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केलं. नुसता क्लेम वाचला तर ही पहिली एंट्री दिसतच नाही.

ऑक्झेंडनला पाठवणारा मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर. त्याचं घराणं आयर्लंडमधल्या इंग्रज जमीनदारांचं. डब्लिनमध्ये आजही ऑन्जियर स्ट्रीट आहे, त्याच्या भावाने वसवलेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या इतिहासकार जेन ओलमेयर यांनी हा धागा पकडला. 'मेकिंग एम्पायर' (२०२३) या पुस्तकात त्या दाखवतात की जमिनी घेणं, बाहेरून माणसं आणून वसवणं, आपला कायदा लावणं हे इंग्रजांनी आधी आयर्लंडमध्ये करून पाहिलं आणि तो अनुभव मुंबईपर्यंत आला. आयरिश माणसं साम्राज्याखाली भरडली गेली आणि साम्राज्य चालवायलाही गेली. दोन्ही खरं.

याच ओलमेयरबाईंचं आणखी एक मोठं काम, सहकाऱ्यांसोबत केलेलं. १६४१ मध्ये आयर्लंडात कॅथलिकांनी उठाव केला. त्यानंतर घेतलेल्या सुमारे ८,००० जबान्या ट्रिनिटीत ३१ खंडांत जपून ठेवल्या होत्या. २०१० मध्ये त्या सगळ्यांसाठी ऑनलाइन खुल्या झाल्या. किती गुरं गेली, किती येणं बुडालं, सगळं पौंडांत! बहुतेक जबान्या प्रोटेस्टंटांच्या, म्हणजे एकाच बाजूच्या. त्यातून निवडक भाग उचलून प्रचारकांनी मृतांचा आकडा लाखांत नेला. आजचे इतिहासकार तो हजारांत धरतात. ते हजारोही माणसंच होती, आणि सूडात मारले गेलेले कॅथलिकही. पण फुगवलेल्या आकड्यावर द्वेष पिढ्यानपिढ्या पोसला गेला.

आता आपल्या कॅनडात या. आयरिश लोक इथे आले ते हे जुनं भांडण बॅगेत घालूनच. १८७५ मध्ये टोरोंटोच्या रस्त्यांवर कॅथलिक मिरवणुकांवर हल्ले झाले, दंगली झाल्या. शहराला 'कॅनडाचं बेलफास्ट' म्हणायचे. प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज ऑर्डरचं वजन इतकं, की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक महापौर त्यांचेच. १९५५ मध्ये नेथन फिलिप्स हे ज्यू गृहस्थ महापौर झाले, तेव्हा ती साखळी तुटली. हल्ले करणाऱ्यांपैकी १६४१ पाहिलेलं कोण होतं? कोणीच नाही. सगळं ऐकीव, आईबापांकडून आलेलं.

म्हणून हे लिहायला बसले. बॅगेत काय भरायचं हे आपल्या हातात आहे, नाही का? मुलांना महाराज जरूर सांगा, अभिमानाने सांगा. फक्त सोबत तीन प्रश्नही द्या : हे कोणी लिहिलं? कधी लिहिलं? लिहिणाऱ्याचा त्यात काय फायदा होता? फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी आपणही तेच विचारूया.

महाराज त्याने लहान होत नाहीत. पैसे मागायला आलेल्या परक्यानेही तो सोन्याचा तराजू लिहून ठेवलाय. यंदा मुलांना तिथूनच गोष्ट सांगायला सुरुवात करा. हत्ती वर कसे चढले असतील, ते त्यांनाच शोधू द्या.